कारखान्याचा फुकटचा विमा: आमच्या घराला अडीच वर्षंही पुरत नाही

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी अकाउंटला आहे. कापसाच्या पावत्या, सरकीचा हिशोब, कास्तकारांचे चुकारे आणि दर महिन्याचं पीएफचं चलन, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. कुकर घ्यायचा तर आपण दहा जणांचे रिव्ह्यू वाचतो. नोकरीसोबत येणाऱ्या विम्याबद्दल मात्र कोणी काही लिहीत नाही, कारण त्याला खिशातून पैसे जात नाहीत. मी त्याचे कागद रोज हाताळते, म्हणून लिहिते. कारखान्याचं नाव देत नाही. तिथंच नोकरी करायची आहे अजून.

आमच्याकडे कायम असलेल्या प्रत्येकाला दोन विमे आहेत. एक पीएफसोबत आपोआप येणारा, ईडीएलआय नावाचा, १९७६ पासून चालत आलेला. दुसरा शेठजींनी एका विमा कंपनीकडून घेतलेला गट विमा, मॅनेजरपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना सारखा, माणशी ३ लाख. जेवणाच्या सुट्टीत विम्याचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं, "कायले पाह्यजे दुसरा इमा? कंपनीचा हाये ना दहा लाखाचा!" हे दहा लाख म्हणजे ईडीएलआयचे ७ आणि गटाचे ३. आकडा तोंडपाठ सगळ्यांना आहे, आपल्या घरी त्यातले किती येतील हे कोणी काढून पाहिलेलं नाही.

आधी ईडीएलआय, कारण हा चांगला विमा आहे आणि याला फार कमी लोक ओळखतात. पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसत नाही. त्याचा हप्ता कामगाराकडून कापलाच जात नाही, मालक भरतो, पीएफच्या पगाराच्या (ज्या रकमेवर पीएफ कापतात तिच्या) अर्धा टक्का. पीएफचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे महिन्याला फार तर ७५ रुपये. माझे ६६ भरले जातात. एवढ्या पैशात कोणतीही तपासणी नाही, वयाप्रमाणे वेगळा दर नाही, शुगर-बीपीचा प्रश्न नाही. मृत्यू कामावर झाला की घरी, आजाराने झाला की गाडीखाली, याने फरक पडत नाही. नोकरीत असताना माणूस गेला की पैसे मिळतात. गावातल्या हातावर पोट असलेल्या माणसाला असा विमा बाजारात कुठंच मिळणार नाही. यासाठी पाचपैकी चार तारे मी डोळे झाकून देते.

पाचवा तारा का नाही, ते हिशोबात आहे. २८ एप्रिल २०२१ पासून कमाल रक्कम ७ लाख आहे हे खरं, पण ती सरसकट नाही. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पीएफ पगाराची ३५ पट, अधिक पीएफ खात्यातल्या सरासरी शिलकेचा निम्मा भाग, तोही १ लाख ७५ हजारांच्या वर नाही. पूर्ण ७ लाख हवे असतील तर पीएफचा पगार १५,००० पाहिजे आणि खात्यात साडेतीन लाख पाहिजेत. आता माझं बघा. माझा एकूण पगार २४,०००, पण पीएफ कापला जातो १३,२०० वर, कारण बाकीची रक्कम भत्त्यांत दाखवली आहे. १३,२०० ची ३५ पट ४,६२,०००. खात्यात सरासरी ३,१०,०००, त्याचे निम्मे १,५५,०००. बेरीज ६,१७,०००. आमच्या प्रेसवरच्या ऑपरेटरचा पीएफ पगार ११,००० आहे आणि खात्यात १,२०,००० आहेत. त्याच्या घरी ४,४५,००० येतील. तोही जेवताना दहा लाखच म्हणतो.

यातली एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, चलन भरता भरता लक्षात आली. पीएफमधून मधेच पैसे उचलले की विमाही कमी होतो. लग्नासाठी, घराच्या स्लॅबसाठी लोक खातं रिकामं करतात. खात्यात २,४०,००० होते ते ४०,००० वर आले, की निम्म्याचा आकडा १,२०,००० वरून २०,००० वर येतो. म्हणजे मृत्यूनंतर घराला पीएफचे पैसे कमी मिळणार ते वेगळंच, विम्याचे एक लाखही गेले. कोणी उचल मागायला आलं की मी हे सांगते. ऐकून घेतात आणि अर्ज पुढे सरकवतात. पोरीच्या लग्नाची तारीख निघाली असते, त्यांचंही खरं असतं.

सीझनवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळा लागला की रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, थांबतात. रेच्यावरचे, गाठी वाहणारे कितीतरी लोक तेवढ्याच महिन्यांचे असतात आणि ठेकेदाराच्या नावावर असतात. किमान अडीच लाखांची हमी आहे ती सलग बारा महिने नोकरी झालेल्यांना. त्यांची सलग बारा महिने कधी होतच नाहीत. २०२५ मध्ये नियम थोडे सैल झाले: वर्ष पूर्ण नसेल तरी किमान ५०,०००, शेवटचा पीएफ भरल्यापासून सहा महिन्यांत माणूस गेला आणि हजेरीपटावर नाव कायम असेल तरी हक्क, एक कारखाना सोडून दुसऱ्यात जाताना दोन महिन्यांपर्यंतचा खंड धरायचा नाही. चांगलं झालं. पण 'हजेरीपटावर नाव कायम असेल तर' हे शब्द परत वाचा. सीझन संपल्यावर ठेकेदार नाव ठेवतो की उडवतो, हे त्या माणसाला कुठं ठाऊक असतं? ठेकेदाराकडून तुम्ही कामाला असाल तर तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मोबाईलवर टाकून पासबुक उघडून बघा, पैसे खरंच जमा होताहेत का. पीएफ नाही तर हा विमाही नाही.

आता शेठजींचा गट विमा. याला मी दोनच तारे देते आणि शेठजींनी हे वाचलं तरी माझं मत बदलणार नाही. देण्याची त्यांची इच्छा खरी आहे, सगळ्यांना सारखे ३ लाख ही गोष्टही मला आवडते, कारण मरणानंतर चौकीदाराच्या बायकोला मॅनेजरच्या बायकोपेक्षा कमी भूक लागत नाही. अडचण अशी, की ती पॉलिसी आपली नाहीच. पॉलिसी कारखान्याच्या नावावर, आपल्याला मिळतं नुसतं प्रमाणपत्र. दरवर्षी नवी करावी लागते, आणि करायची की नाही हे आपल्याला कोणी विचारत नाही. एका उन्हाळ्यात बँकेच्या स्टेटमेंटमध्ये विमा कंपनीची एंट्री दिसली नाही, म्हणून मी विचारायला गेले. शेठजी म्हणाले, "ताई, आता काम बंद आहे, सीझन लागला की भरू." म्हणजे मधले दिवस चाळीस कुटुंबांवर या तीन लाखांचं छत्र नव्हतं, आणि माझ्याशिवाय कोणाला त्याचा पत्ता नव्हता. तेवढ्या दिवसांत कोणी गेलं नाही हे नशीब. पॉलिसी तुमच्या नावावर असती तर हप्ता चुकल्याचे दहा मेसेज तुमच्याच मोबाईलवर आले असते.

आणि नोकरी सुटली की त्याच दिवशी हा विमा संपतो. आमच्या भागात जिनिंग विकलं जातं, भाड्यानं दिलं जातं, दोन भावांच्या वाटणीत बंद पडतं. माणूस आजारी पडून लांब रजेवर गेला आणि शेवटी त्याला काढून टाकलं, तर विम्याची गरज सगळ्यात जास्त असते नेमक्या त्या दिवशी तो हातातून जातो. पंचेचाळिशीत शुगर लागल्यावर नवा विमा काढायला गेलात तर कंपनी दुप्पट हप्ता मागेल किंवा सरळ नाही म्हणेल. वयाच्या ५८ ला तर तो तसाही संपणार आहे. 'किती लाखांचा' हे सगळे विचारतात, माझ्या मते आधी 'कोणत्या दिवसापर्यंत' हे विचारावं.

आता मी गेले तर काय होईल, तो हिशोब. घरी सासूबाई हे वाक्य काढू देत नाहीत, इथं काढते. आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे, हे कास्तकारी बघतात. तीन एकर कपाशी, दोन एकरांत सोयाबीन आणि तूर. एकरी पाच क्विंटल कापूस चांगल्या वर्षी धरला तर पंधरा क्विंटल. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१०, तो पूर्ण मिळाला असं समजा, तर १,१५,६५०. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई वजा करा, हातात निम्मेही राहत नाहीत, आणि तेही वर्षातून एकदा. महिन्याचं घर माझ्या पगारावर चालतं. पोरगी अकरावी सायन्सला, पोरगा सहावीत, सासूबाईंची औषधं, बचत गटाचा हप्ता, घराच्या कर्जाचा हप्ता.

हातात मला २२,४०० च्या आसपास येतात (बायकांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढी सरकारची कृपा). माझ्या स्वतःवर, म्हणजे बस, मोबाईल, कपडे, माझ्या गोळ्या मिळून ४,४०० धरा. मी नसेन तर महिन्याला १८,००० ची खोट, वर्षाला २,१६,०००. ईडीएलआय आणि गट मिळून ९,१७,०००. त्यातून घरकर्जाचे राहिलेले ३,८०,००० फेडले तर ५,३७,००० उरले. भागा २,१६,००० ने. अडीच वर्षंही पूर्ण होत नाहीत. पोरगी तेव्हा कॉलेजच्या मधल्या वर्षाला असेल. तेलाचा पिपा आणि कॉलेजची फी आजच्याच भावात राहील असं धरून हे उत्तर आलंय, आणि ती राहणार नाही.

कोणी म्हणेल पीएफ आणि ग्रॅच्युइटी का नाही धरली. धरते. पीएफचे ३,१०,०००. ग्रॅच्युइटीला मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नसते, माझी तर अकरा झाली आहेत, ती साधारण ८३,७०० होते. सगळं मिळून सव्वाचार वर्षं. पण पीएफ हा विमा नव्हे, ते माझेच साठवलेले पैसे आहेत आणि ते मी पोरीच्या शिक्षणासाठी धरून ठेवलेत. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतून नवऱ्यालाही पेन्शन मिळतं, फक्त विधवेलाच मिळतं हा गैरसमज आहे. शिवाय दोन मुलांना प्रत्येकी त्याच्या पंचवीस टक्के, वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत. पण किमान पेन्शन १,००० रुपये आहे, आणि २०१४ पासून ते १,००० च आहे.  किराण्याची एक पिशवी.

आता नॉमिनी. पैसा किती यापेक्षा कोणाच्या हातात, यावर मी जास्त घरं फुटताना पाहिली. दोन-तीन वर्षांपूर्वी आमचा एक फिटर कावीळ बिघडून गेला. लग्नाआधी लागलेला माणूस, सगळीकडे नॉमिनी म्हणून आईचं नाव. पीएफच्या नियमात असं आहे, की लग्न झालं की आधीचं नामनिर्देशन रद्द होतं, मग घरच्या हक्कदारांत सारखे वाटे होतात. गट विम्याचं तसं नाही. तिथं प्रमाणपत्रावर आईचं नाव होतं, आणि विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी जो नॉमिनी असेल, पैसा त्याचाच धरला जातो. तीन लाख म्हातारीच्या खात्यात महिन्याभरात आले. म्हातारी वाईट नव्हती. पण ती राहायची थोरल्याकडे, आणि थोरल्याच्या ट्रॅक्टरचे हप्ते थकले होते. पुढचं सांगायला नको.

फिटरच्या बायकोचं पीएफचं प्रकरण वेगळ्याच कारणानं अडलं. तिच्या आधारवर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं, आणि नवऱ्याच्या पीएफमध्ये तिचं नावच नाही. दाव्याचा अर्ज तसा सोपा आहे. पीएफचा २०, विम्याचा ५ आयएफ आणि पेन्शनचा १० डी, हे तिन्ही आता एकाच एकत्रित फॉर्मवर होतात, त्यावर मालकाची सही-शिक्का, ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला आणि रद्द केलेला चेक जोडायचा. पण नावाची गाठ सुटेपर्यंत फाईल पुढे जात नाही. दोन लहान लेकरं कडेवर-बोटाला घेऊन ती ऑफिसात यायची आणि मी तिला चहा पाजण्यापलीकडे फार काही करू शकत नव्हते. त्या दिवसांत मी आमच्या कामगारांना एकेक करून बसवलं आणि ऑनलाईन ई-नॉमिनेशन भरून घेतलं. आधार, फोटो, मोबाईलवर आलेला ओटीपी, संपलं. गट विम्याचा नॉमिनीचा कागद वेगळा असतो, पीएफमध्ये बदल केला म्हणून तिथं आपोआप बदलत नाही, तोही भरून घेतला. काहींनी बायकोचं नाव टाकायला आढेवेढे घेतले. "आईले काय वाटन जी?" असं एकजण म्हणाला. त्याला फिटरची गोष्ट सांगितली.

मी स्वतः वेगळा टर्म इन्शुरन्स (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घेतला, ४० लाखांचा, वयाच्या साठीपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "बाईचा कायले इमा काढतं वं? घरधन्याचा काढ." यावर आमचे हे जे बोलले ते मला फार बरं वाटलं: "तिच्या पगारावर घर चालते, तं इमाबी तिचाच पाह्यजे." वर्षाला आठ हजारांच्या आसपास हप्ता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्यामुळे तेवढा हप्ता हलका झाला. गट विम्यावर जीएसटी अजून आहे, शेठजींचं ते रडगाणं खरं आहे. थायरॉईडची गोळी सुरू आहे हे अर्जात लिहिलं. एजंट म्हणाला लिहू नका, उगाच तपासण्या मागतील. मागितल्या, वर्ध्याला जाऊन रक्त देऊन आले. पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवल्याचं निघालं तर कंपनी दावा नाकारू शकते, तीन वर्षांनंतर तिला पॉलिसीवर प्रश्न उचलता येत नाही. लपवून ठेवलेली गोळी माझ्या पोरांना भारी पडली असती.

पैसे कसे द्यायचे हेही निवडता येतं. मी निम्मे एकदम आणि निम्मे महिन्याच्या हप्त्यांत असं ठेवलं. गावात एकरकमी पैसा लपत नाही. दिवसकार्य आटोपायच्या आत कोणीतरी प्लॉट दाखवायला, कोणीतरी उसने मागायला येतो. ४० लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरलं तरी वर्षाला २,६०,००० होतात, माझी खोट भरून निघते. पगाराच्या दिवशी गेटवर येणारे एजंट हे सांगत नाहीत. ते महिना हजार रुपयांची, 'पैसे परत मिळणारी' पॉलिसी विकतात, जिच्यात विमा असतो दीड-दोन लाखांचा. त्यांना पाणी विचारा, सही करू नका.

आमच्या ह्यांचं काय? त्यांना मालक नाही, म्हणून गट विमा नाही, पीएफ नाही. आयटीआर भरत नाहीत, म्हणून टर्मवाल्या कंपन्या मोठी रक्कम द्यायला तयार होत नाहीत. नुसत्या सातबाऱ्यावर ते भागत नाही. कास्तकाराचा विमा आमच्या भागात असा तुकड्या-तुकड्यांत गोळा करावा लागतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, २ लाख, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी (पहिल्यांदा घेतल्यावर पहिले तीस दिवस अपघात सोडून नाही). घ्यायचा ५० व्या वर्षाच्या आत, चालतो ५५ पर्यंत. प्रधानमंत्री सुरक्षा, वर्षाला २० रुपये, २ लाख, पण फक्त अपघात. आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान, त्याला हप्ताच नाही, अपघाती मृत्यूला २ लाख, सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासोबत घरातल्या आणखी एकाला. वावरात साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला, हे त्यात बसतं. २०२३ पासून ते विमा कंपनीमार्फत नाही, सरकार स्वतः देतं. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, तीस दिवसांच्या आत. दुःखाच्या घरात हे तीस दिवस कुठं गेले ते कळत नाही, म्हणून शेजाऱ्यानं लक्ष ठेवलेलं बरं.

पण बघा, या तिन्हींपैकी दोन अपघाताचे आहेत. हार्ट अटॅक आला, किडनी गेली, तर फक्त ते ४३६ रुपयेवाले २ लाख. बँकेतले लोक सॅलरी अकाउंटवर तीस लाखांचा विमा फुकट आहे म्हणून सांगतात, तोही बहुतेक ठिकाणी अपघातीच असतो. कागदावर 'वैयक्तिक अपघात' असं लिहिलेलं असेल तर तो जीवन विमा नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. ज्यांच्यावर सावकाराचं, बँकेचं देणं आहे अशा कास्तकाराला विमा कंपनीनं पॉलिसी दिलीच, तर घेतानाच विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली घ्या. अर्जासोबत एक वेगळा कागद भरावा लागतो, नंतर करता येत नाही. मग त्या पैशावर कर्ज देणाऱ्याचा हात पोचत नाही, तो बायको-मुलांचाच राहतो. कर्ज बुडवण्यासाठीच पॉलिसी काढली हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी.

आणखी एक, जीवन ज्योती आणि सुरक्षा मिळून ४५६ रुपये बँक दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी कापते, कारण विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. आमच्याकडे नेमक्या त्याच दिवसांत खातं रिकामं असतं. बियाण्याच्या पिशव्या, डीएपी, नांगरटीचे पैसे, सगळं तेव्हाच. शिल्लक नसली की कपात होत नाही, आणि विमा गेला हे कोणाला कळतही नाही. ह्यांच्या खात्यात ५०० रुपये मी मे लागला की वेगळे टाकते आणि त्यांना सांगत नाही, नाही तर तेही युरियात जातील.

शेठजींना मी अर्ज दिला आहे: गट विमा ३ चे ५ लाख करा, पॉलिसी नवी करण्याची तारीख नोटीस बोर्डावर लावा, आणि प्रत्येकाला प्रमाणपत्राची झेरॉक्स द्या. झेरॉक्स मिळाली. तारीख मीच लिहून लावली, त्यांनी काढली नाही. पाच लाखांवर म्हणाले, "कापसाला भाव तर येऊ द्या, ताई."